खोललेल्या इंजिनाचें ऋण

मोडण्यापेक्षां जोडणें कठीण, हें वचन नात्यागोत्यांच्या संबंधांत आपण इतक्या वेळां ऐकतों कीं, तें लोखंडाच्या वस्तूंनाहि तितकेंच लागू आहे हें विसरून जातों. या वचनाची कसोटी पाहावयाची असेल, तर ती एखाद्या जुन्या मोटारीच्या इंजिनापाशीं पाहावी. हौसेनें जुनी गाडी विकत घ्यावी, तिचें इंजिन खोलावें, भाग धुऊन पेट्यांत ठेवावे, आणि मग नोकरींतील बदली, घरांतील आजारपण, पैशाची ओढाताण किंवा नुसती उत्साहाची ओहोटी यांमुळें तें काम दहा-वीस वर्षें तसेंच पडून राहावें, हा प्रकार जुन्या गाड्यांच्या षोकी मंडळींत इतका नेहमींचा आहे कीं, त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. अशा इंजिनाची पुन्हां बांधणी करण्याची वेळ येते तेव्हां उभे राहणारे प्रश्न केवळ कारागिरीचे नसतात. त्यांतील कांहीं नीतिशास्त्राच्या अगदीं जवळचे आहेत, आणि त्यांचाच विचार येथें करावयाचा आहे.

उदाहरणादाखल ऑस्टिन सेव्हन या इंग्रजी गाडीचें इंजिन घेऊं. बर्मिंगहॅमजवळील लाँगब्रिजच्या कारखान्यांत ही छोटी गाडी १९२२ पासून १९३९ पर्यंत तयार होत असे. मोटार ही केवळ धनिकांची वस्तु नव्हे, हें इंग्लंडांतील मध्यम वर्गास ज्या गाड्यांनीं पटवून दिलें त्यांत तिची गणना होते. इंजिन चार सिलिंडरांचें, ७४७ घन सेंटिमीटरांचें; खालची क्रँककेस ॲल्युमिनियमची, तर तिच्यावर बसविलेला सिलिंडरांचा ठोकळा बिडाचा. एवढेंसें यंत्र खोलण्याचा मोह कोणासहि व्हावा. चार पाने, एक हातोडी आणि एक रविवार एवढें भांडवल त्यास पुरतें. सायंकाळपर्यंत पिस्टन, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, टॅपेट हे सर्व डब्यांत जाऊन बसतात. कांहींहि हरवलेलें नसतें. यादी करून पाहिली तर प्रत्येक नग हजर असतो. आणि तरीहि इंजिन मात्र नसतें.

आपल्याकडील तत्त्वज्ञांस हा प्रश्न नवीन नाहीं. ‘मिलिंदपञ्हां’त भिक्षु नागसेन राजा मिलिंदास त्याच्या रथाविषयीं विचारतो: दांडी म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय? प्रत्येक वेळीं राजास ‘नाहीं’ असेंच म्हणावें लागतें, आणि रथ हें अवयवांच्या समुदायास व्यवहारासाठीं दिलेलें नांव आहे, असा निष्कर्ष निघतो. उलट न्याय-वैशेषिकांचें मत असें कीं, अवयवांहून अवयवी हा निराळा पदार्थ होय. तंतु म्हणजे पट नव्हे, तंतूंच्या ठिकाणीं पट समवायसंबंधानें राहतो. पेट्यांतील त्या ढिगाकडे पाहिलें असतां नैयायिकांचें म्हणणें मनास अधिक पटूं लागतें. तंतु सर्व आहेत, पण पट नाहीं.

परंतु इंजिन खोलणारास या वादाची आणखी एक बाजू दिसते. येथें कोणताहि भाग कोठेंहि चालत नाहीं. कनेक्टिंग रॉड आणि त्याचें खालचें टोपण हीं एकत्र धरून त्यांतील भोंक कातलेलें असतें; एकाचें टोपण दुसऱ्यास लावलें, किंवा तेंच टोपण उलटें बसविलें, तरी तें भोंक खरें गोल राहत नाहीं. व्हॉल्व्ह आपल्याच आसनावर घासून बसविलेला असतो. दुसऱ्याच्या आसनावर तो घट्ट मिटत नाहीं. टॅपेट ज्या कॅमवर वर्षानुवर्षें झिजला त्याच कॅमशीं त्याचा मेळ असतो. कांहीं जोड्यांवर आंकडे ठोकलेले असतात. कांहींवर नसतात, आणि त्यांची ओळख खोलणाऱ्याच्या ध्यानांतच राहते. म्हणजे इंजिन खोललें कीं त्याचा एक भाग लोखंडांतून निघून माणसाच्या स्मरणांत जाऊन बसतो. हा भाग पेटींत ठेवतां येत नाहीं, आणि तो लोखंडापेक्षां लवकर गंजतो.

माझ्या मतें या कामांतील नैतिक प्रश्नाचें मूळ येथें आहे. मनूनें व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेप, म्हणजे विश्वासानें स्वाधीन केलेली ठेव, येतो. ठेव घेणाऱ्यानें ती होती तशी परत करावी, हा त्याचा धर्म. इंजिन खोलणारा मनुष्य त्या यंत्राचा क्रम आपल्याजवळ ठेव म्हणून घेतो. तो क्रम त्यानें निर्माण केलेला नसतो. लाँगब्रिजच्या कामगारांनीं तो बांधलेला असतो आणि पुढील मालकांनीं व मिस्त्रींनीं तो सांभाळलेला असतो.

यावर कोणी सहज म्हणेल, “गाडी त्याच्या मालकीची आहे. आपली खुर्ची मोडण्याचा अधिकार मालकास असतो. मग इंजिनाचें ऋण कसलें? लोखंडास कोठें दुःख होतें?” आक्षेप खरा आहे, आणि निर्जीव वस्तूंना हक्क असतात असें म्हणून तो टाळण्याची माझी इच्छा नाहीं. येथील ऋण लोखंडाचें नव्हे, माणसांचें आहे. ज्यानें ती गाडी ‘हा नीट करील’ या भरंवशावर विकली त्याचें तें आहे. ज्यांनीं ती आजवर मोडींत जाऊं दिली नाहीं त्यांचें आहे. आणि ज्याच्या हातून ती खरोखर चालती झाली असती, पण जो तिच्या बंद दाराशींच थांबला, त्याचेंहि आहे. खुर्ची सुताराकडून पुन्हां करून घेतां येते. १९३९ नंतर ज्या गाडीची पैदास थांबली, तिचें प्रत्येक इंजिन हें उरलेल्यांपैकीं एक असतें.

मात्र या ऋणाची मर्यादाहि ओळखली पाहिजे. काम हातीं घेतलें म्हणून तें आपणच तडीस नेलें पाहिजे, असें मुळींच नाहीं. आजवर इतके पैसे आणि इतकीं वर्षें घातलीं, आतां माघार कशी घ्यावी, हा युक्तिवाद तर अगदींच लटका आहे. गेलेला पैसा पुढील खर्चाचें कारण होऊं शकत नाहीं. ऋण फेडण्याच्या वाटा तीन. काम पुरें करावें. किंवा जोपर्यंत स्मरण शाबूत आहे तोपर्यंत, प्रत्येक भागास चिठ्ठी बांधून, तें दुसऱ्या योग्य माणसाच्या हवालीं करावें. किंवा हें इंजिन पुन्हां बांधलें जाणार नाहीं असें उघड कबूल करून त्याचे भाग दुसऱ्या इंजिनांच्या उपयोगीं लावावे. चौथी वाट ‘कधींतरी करूं’ ही. तिच्यांत संकल्पाचें पुण्य पदरीं राहतें आणि कष्ट मात्र पडत नाहींत. तोटा सारा त्या पेट्यांतील वस्तूचा होतो. सिलिंडरांच्या भिंतींवरील तेलाचा लेप ओघळून जातो, दमट हवेनें बीड गंजतें, आणि खुणांच्या चिठ्ठ्या कसर खाऊन टाकते. टाळाटाळीला आपण आळस म्हणतों. येथें ती ठेव बुडविण्यासारखी आहे.

समजा, अखेरीस इंजिन बांधलें गेलें. तें तेंच काय? १९९० मध्यें लंडनच्या उच्च न्यायालयापुढें याच स्वरूपाचा प्रश्न आला होता. ल मांच्या १९२९ आणि १९३० या दोन्ही वर्षांच्या शर्यती जिंकणाऱ्या ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटली गाडीच्या विक्रीचा तो वाद. गाडीचे बहुतेक भाग पुढें बदलले गेले होते. १९३२ मध्यें ब्रुकलँड्सच्या शर्यतींत ती धावली तेव्हां तिच्यांत दुसरें, मोठें इंजिन होतें, आणि त्या अपघातांत तिचा चालक मरण पावला. नंतर तिच्यावर नवी बॉडी चढली. ही ती गाडीच नव्हे, असें खरेदीदाराचें म्हणणें. न्यायाधीश ऑटन यांनीं तें मान्य केलें नाहीं. भाग बदलले, तरी गाडीचें अस्तित्व अखंड चालत आलें होतें, आणि त्या नांवावर हक्क सांगणारी दुसरी गाडी नव्हती, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता.

हा अखंडपणा वीस वर्षें पेट्यांत पडलेल्या इंजिनास कोठून मिळावा? नैयायिकांच्या हिशेबानें त्या काळांत अवयवी नव्हताच. माझें उत्तर असें कीं, मधल्या काळांत तो धागा रक्षकानें धरलेला असतो. त्यानें भाग एकत्र ठेवले, खुणा जपल्या, काय बदललें याची नोंद ठेवली, तर जुळणीनंतरचें इंजिन तेंच होय. भाग इतस्ततः गेले आणि नोंद नाहीं, तर त्याच्यासारखेंच दुसरें होईल, तें नव्हे. म्हणूनच नवे पिस्टन घातले असतां नवे घातले असें सांगणें हा केवळ बाजारांतील प्रामाणिकपणा नव्हे. तो त्या वस्तूच्या एकपणाचा आधारच आहे.

प्रत्यक्ष जुळणींत आणखी एक परीक्षा होते. वीस वर्षांपूर्वीं तपासून बाजूस ठेवलेला भाग आज तसाच घालावा काय? आपलें जुनें काम आपण सहज खरें मानतों, कारण तें आपलें असतें. परंतु बेअरिंगांतील फट एका इंचाच्या सहस्रांशांत मोजावयाची असते. पिस्टनच्या कड्यांच्या टोकांमधील अंतर सिलिंडरच्या व्यासाच्या दर इंचास तीन-चार सहस्रांश असावें लागतें. तेथें स्मरण हा पुरावा होत नाहीं. पुन्हां मापावें लागतें. त्यांतहि या इंजिनाची वंगणाची रीत मोठी नाजूक. बारीक तोट्यांतून उडालेलें तेल फिरत्या क्रँकशाफ्टच्या भोंकांनीं झेलावयाचें, म्हणून ‘थुंकावें आणि आशा धरावी’ अशा अर्थाचें थट्टेचें नांव इंग्रजांनीं तिला दिलें आहे. जुनें तेल वाळून यांतील एखादी तोटी बुजलेली असली, तर बाहेरून कोणास दिसणार नाहीं. रंग चकाकेल, पितळ झळकेल, पाहुणे वाखाणतील. आणि थोड्याच मैलांत आंतील बेअरिंग जळून जाईल. जें कोणी पाहणार नाहीं तें साफ केलें कीं नाहीं, यावर सारें काम अवलंबून असतें.

जाणता मिस्त्री शेवटीं एकदम इंजिन सुरू करीत नाहीं. तेल घालून तो तें आधीं हातानें सावकाश फिरवितो, आणि तेंहि पूर्ण दोन फेरे, कारण चार आघातांचें चक्र दोन फेऱ्यांतच पुरें होतें. कोठें अडलें तर जोर करीत नाहीं, पुन्हां खोलून पाहतो. मग जेव्हां तें खरोखर चालूं लागतें, तेव्हां त्याच क्षणापासून त्याची झीजहि पुन्हां सुरू होते. इतक्या कष्टांनीं मिळविलेली फट रोज तिळमात्र वाढत जाणार, आणि एके दिवशीं दुसऱ्या कोणास तें इंजिन परत खोलावें लागणार. त्यास आंतील खुणा स्पष्ट, जोड्या बरोबर आणि नोंदी खऱ्या सांपडल्या, म्हणजे आधींच्या माणसाचें ऋण फिटलें असें समजावें.