विषयनिवड आणि तिची पूर्वतयारी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली, आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यावर आधीच्या पिढ्यांना फारशी ठाऊक नसलेली एक जबाबदारी येऊन पडली. पूर्वी कला, वाणिज्य किंवा विज्ञान यांपैकी शाखा ठरली आणि महाविद्यालयाने आखलेल्या विषयगटांतील एक गट घेतला की नोंदणी संपत असे. आता मुख्य विषय, त्याच्या जोडीचा गौण विषय, स्वतःच्या विद्याशाखेबाहेरचा खुला ऐच्छिक विषय, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञान प्रणाली अशा अनेक घटकांचा मेळ घालून दर सत्राला २० ते २२ श्रेयांक भरावे लागतात. श्रेयांक हे अभ्यासाला दिलेल्या वेळेचे माप असून व्याख्यानाच्या विषयात एका सत्रातील साधारण १५ तासांच्या अध्यापनाला एक, तर प्रात्यक्षिकात ३० तासांना एक श्रेयांक धरला जातो.

निवडीचा हा विस्तार मुळात स्वागतार्ह आहे, कारण भौतिकशास्त्र शिकणाऱ्याला इतिहासाचे आणि मराठी साहित्य शिकणाऱ्याला संख्याशास्त्राचे दार बंद असावे, याला शाखांच्या जुन्या भिंतींपलीकडे कोणतेही सबळ कारण नव्हते. तथापि निवड करायची तर निवडायच्या गोष्टींची थोडीतरी ओळख असावी लागते, आणि नेमकी तीच नव्या विद्यार्थ्यापाशी नसते. बारावी विज्ञान शाखेतून आलेल्या विद्यार्थ्याने तर्कशास्त्राचे पान कधी उलटलेले नसते, आणि ज्यांच्या घरातून कोणीच महाविद्यालयात गेलेले नाही अशांना गौण विषय आणि ऐच्छिक विषय यांतला फरक सांगणारेही जवळपास कोणी नसते. अशा स्थितीत कोणत्या विषयात गुण सहज मिळतात, कोणता तास सकाळच्या पाळीत येतो, गावाकडची एसटी सुटण्याआधी कोणता वर्ग आटोपतो, यांवर निर्णय होतो. या निकषांना उथळ म्हणणे अन्यायाचे ठरेल. रोज दूरच्या गावाहून ये-जा करणाऱ्या विद्यार्थिनीच्या शिक्षणाला एसटीच्या वेळेची मर्यादा खरोखरच असते, आणि विषयाविषयी काहीच माहिती नसताना माणूस ज्याची माहिती आहे त्यावरच विसंबतो.

अडचण इथेच संपत नाही. विद्यार्थ्याला सल्ला देऊ शकेल असा माणूस महाविद्यालयात असतो, पण त्याला निःपक्ष राहू देईल अशी व्यवस्था नसते. कार्यभार म्हणजे एखाद्या विषयासाठी आठवड्याला भरणाऱ्या तासिका, आणि अनुदानित महाविद्यालयांत त्या विषयाची मान्य पदे या तासिकांच्या हिशेबाने ठरतात. ज्या विषयाकडे विद्यार्थी वळत नाहीत त्याचा कार्यभार घटतो, रिक्त पद भरण्याचा दावा दुबळा होतो, आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकाला पुढच्या वर्षी बोलावणे येईलच याची खात्री राहत नाही. त्यामुळे नवागताने तत्त्वज्ञान घ्यावे की अर्थशास्त्र, हा प्रश्न त्याच्या कलाचा न राहता दोन विभागांच्या अस्तित्वाचा होतो. यात प्राध्यापकांच्या सचोटीचा प्रश्न नाही. ज्याच्या उपजीविकेचा निर्णय विद्यार्थ्याच्या नोंदणीवर होतो, त्याच्याकडूनच तटस्थ मार्गदर्शनाची अपेक्षा करणाऱ्या रचनेचा हा दोष आहे. पुढे वेळापत्रक जुळावे म्हणून महाविद्यालये विषयांच्या ठरावीक जोड्या बांधून देतात, आणि कागदावर विस्तारलेली निवड प्रत्यक्षात पुन्हा जुन्या विषयगटांपाशी येऊन थांबते.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने मार्गदर्शनाविना मोकळ्या निवडीचा अनुभव शतकापूर्वीच घेतला. १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षे अध्यक्ष राहिलेल्या चार्ल्स एलियट यांनी तेथील सक्तीचे विषय क्रमाक्रमाने हटवले आणि जवळजवळ संपूर्ण अभ्यासक्रम विद्यार्थ्याच्या इच्छेवर सोपवला. साधनसंपत्ती आणि अध्यापकवर्ग यांची वाण नसतानाही अनेक विद्यार्थी प्राथमिक स्वरूपाचे, एकमेकांशी संबंध नसलेले विषय गोळा करतात, असा आक्षेप त्यावर आला. त्यांच्यानंतर अध्यक्ष झालेल्या लॉरेन्स लोवेल यांनी निवड रद्द केली नाही. एका विषयात सखोल अभ्यास आणि इतर क्षेत्रांत विखुरलेला परिचय अशी चौकट तिला दिली, आणि सोबत विद्यार्थ्याशी व्यक्तिशः बोलणाऱ्या मार्गदर्शक शिक्षकांची पद्धत रुजवली. मुख्य विषय आणि त्याभोवतीचे इतर विषय ही आपली आजची रचना त्या चौकटीशी बरीच मिळतीजुळती आहे. मार्गदर्शक शिक्षकाचे अंग मात्र परिपत्रकांतल्या नेमणुकीपलीकडे फारसे गेलेले नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात दुसऱ्या सत्राच्या शेवटी मुख्य विषय बदलण्याची मुभा आहे, म्हणजे पहिले वर्ष चाचपणीचे असते हे धोरणकर्त्यांनाही मान्य आहे. परंतु ज्या महाविद्यालयात मुख्य विषय म्हणून दोन-तीनच पर्याय आहेत तेथे या मुभेचा उपयोग मर्यादितच राहणार. ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावरून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्याची तरतूद आहे, पण तेथेही कोणता पाठ्यक्रम घ्यावा हे सांगणारा माणूस लागतोच.

उपाय खर्चिक नाहीत. विषयनोंदणी प्रवेश अर्जातच पक्की न करता सत्राचे पहिले दोन-तीन आठवडे सर्व वर्ग सर्वांना खुले ठेवून त्यानंतर ती करावी; प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, मागची प्रश्नपत्रिका आणि पहिले वाचायचे पुस्तक मराठीत पाहायला मिळावे; जवळच्या महाविद्यालयांनी खुले ऐच्छिक विषय वाटून घ्यावेत, म्हणजे पर्याय खरोखर वाढतील. सर्वांत निकडीचे काम शासनाचे आहे: पदांचा हिशेब एका वर्षाच्या नोंदणीवर न करता काही वर्षांच्या सरासरीवर करावा, आणि विद्यार्थ्याला विषय समजावून सांगण्यात गेलेले प्राध्यापकाचे तास, तो विद्यार्थी अखेर दुसऱ्या विभागात गेला तरीही, कार्यभारात धरले जावेत.