आधी रक्त तपासू, मग गोळी

येडगाव

चि. सायली,


तुझं खोकं पोचलं. व्हिटॅमिन ई, डी, मल्टिव्हिटॅमिन, स्पिरुलिना, आणि वर तुझी चिठ्ठी : 'आजीला डिमेन्शिया होऊ नये म्हणून.' तुझी माया कळते गं. पण यातली एकही गोळी मी तिला अजून दिलेली नाही. नोकरीभर आरोग्यसेविका म्हणून वाड्या-वस्त्या फिरले, म्हणून हट्टाने सांगते, आधी तिचं रक्त तपासायचं.

मोटार बंद केली का, हे ती एका संध्याकाळी तीन-चारदा विचारते, ते तुला फोनवर कळलं. तिच्या पायांना मुंग्या येतात, अंधारात ती भिंत धरून चालते, अंगणात चप्पल निसटली तरी तिला पत्ता नसतो, हे फोनवर कसं कळणार? ही लक्षणं नुसत्या वयाची म्हणून सोडून द्यायची नाहीत. आपलं घर माळकरी. अंडं-मटण तिने जन्मात खाल्लं नाही, दूध काय ते चहापुरतं. त्यात साखरेसाठी कित्येक वर्षं मेटफॉर्मिन आणि जळजळीसाठी रोज पॅन्टोप्राझोल. दोन्ही औषधं दीर्घकाळ चालली की अन्नातलं बी-१२ अंगी कमी लागतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद मात्र करायची नाहीत.

हे आपल्या एका घरापुरतं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडी, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तिन्हीकडचे ४४१ पुरुष तपासले. २००६ साली छापलेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के जणांचं बी-१२ कमी निघालं. बी-१२ कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन साठतं, नसांवरचं आवरण खराब होतं, आणि स्मरणशक्तीही मंदावते. वेळेवर भरून काढलं तर माणूस बऱ्यापैकी सावरतो. उशीर झाला तर गेलेलं सगळं परत येत नाही. म्हणूनच 'म्हातारपण आहे, चालायचंच' हे वाक्य मला सहन होत नाही.

मग सगळ्यांनीच गोळ्या घ्याव्यात का? नाही. २०१० साली छापलेल्या ऑक्सफर्डच्या एका प्रयोगात विसराळूपणा सुरू झालेल्या वृद्धांना फॉलिक आम्ल, बी-६ आणि बी-१२ दिलं, तेव्हा मेंदू आक्रसण्याचा वेग मंदावला. आणि तो फायदा मुख्यतः होमोसिस्टीन जास्त असलेल्यांना झाला. पण डिमेन्शिया टाळण्यासाठी बी किंवा ई जीवनसत्त्वाच्या, नाहीतर मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या सुचवू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं. मला यात विसंगती दिसत नाही. कमतरता असेल त्याला ते औषध आहे, नसेल त्याला त्या गोळ्यांचं कवच मिळत नाही. उलट बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक आम्ल भरपूर गेलं, तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. स्पिरुलिनावर तर मुळीच विसंबू नकोस. तिच्यात बी-१२ सारखं जे असतं, ते बहुतांशी माणसाच्या उपयोगाचं नसतं.

नारायणगावला तिचं रक्त दिलंय. बी-१२ बरोबर थायरॉईडही तपासायला सांगितलंय. कमी निघालं तर इंजेक्शन की गोळी, ते डॉक्टर ठरवतील.

आणखी एक. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची १४ टाळता येण्याजोगी कारणं मांडली. त्यात रक्तदाब आहे, मधुमेह आहे, एकटेपण आहे, कमी ऐकू येणंही आहे, जीवनसत्त्वं नाहीत. आजी हल्ली हरिपाठाला जात नाही. विचारलं तर म्हणते, 'बाया काय बोलतात ते कळत नाही, नुसतं बसून काय करू?' याची मला विसरण्याइतकीच काळजी वाटते. रविवारी येशील तेव्हा तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेऊ. मोटारसायकल नको, गाडी घेऊन ये. तिला मागे बसवत नाही आता.

तुझी,
आत्या