जाणून घेण्याचा हक्क

“फादर, वाढवलं आम्ही, फी भरतो आम्ही, मग आत काय बोलणं होतं ते आम्हांला कळायला नको का?” सज्ञान मुलगा किंवा मुलगी समुपदेशकाकडे जाऊ लागली की बाहेरच्या बाकावर बसलेल्या आई-वडिलांच्या मनात हा प्रश्न उभा राहतो. त्यात उर्मटपणा नसतो, भीती असते. आत आपल्याच चुकांचा पाढा वाचला जात असेल, ही ती भीती होय.

कायद्यापुरते उत्तर स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. रुग्णाची माहिती गुप्त राखणे हे उपचार करणाऱ्यांचे कर्तव्य त्याने ठरविले; जिवाला धोका असल्यास अपवाद ठेवला. सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमू शकते. तो आई-वडिलांपैकीच असावा असे बंधन नाही.

परंतु कायद्यामुळे गप्प बसणे वेगळे आणि ते योग्य आहे हे पटणे वेगळे. मुलाने पापनिवेदनात काय सांगितले, हे आपण धर्मगुरूला कधी विचारतो का? शब्द बाहेर जाणार नाही, या खात्रीवरच मनुष्य खरे बोलतो. आईला काय वाटेल याचा हिशेब करीत बोलणाऱ्याला स्वतःचे दुःख सापडत नाही.

लहानपणी मुलाचे सारे काही ठाऊक असणे हेच प्रेम होते. मोठेपणी ते त्याने आपणहून सांगायचे असते. मागून घ्यायचे नसते.

मग पालकांनी करावे तरी काय? फी भरावी, पण तिची आठवण देऊ नये. परतल्यावर “काय झालं?” याऐवजी “जेवतोस ना?” असे विचारावे. नातेवाइकांत त्याची चर्चा होऊ देऊ नये. घरी दिसलेली लक्षणे, त्याच्या कानावर घालून, उपचारकांना जरूर सांगावीत. ऐकून घेण्यास त्यांना गुप्ततेची आडकाठी नसते. मरणाची भाषा कानी आली तर मात्र संकोच सोडून त्याला सरळ विचारावे, एकटे सोडू नये आणि तत्काळ डॉक्टरांना गाठावे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.

एखादे दिवशी तो सांगेल. कदाचित कधीच सांगणार नाही. तरीही ताटात त्याचा वाटा तितकाच असावा.