दोषाचा वाटा

इंदूरहून बऱ्हाणपूरकडे जाताना वाटेत असीरगड लागतो. कपाळीची जखम घेऊन अश्वत्थामा त्या गडावर अजून भटकतो, अशी तिकडे लोकश्रद्धा आहे. त्याचा अपराध आपणां सर्वांस ठाऊकच आहे: रात्री शिबिरात शिरून त्याने निजलेल्यांचा वध केला. पण त्या रात्री कृपाचार्य व कृतवर्मा दारावर उभे राहून बाहेर पळणाऱ्यांस मारीत होते, हे आपण सहसा आठवीत नाही.

मला ते आठवले पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या खटल्यावरून. ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरट्यांनी तिच्या संगणकव्यवस्थेत शिरून, पैसे देण्यास अनुमती देणारी खोटी यंत्रणा उभी केली. नकली कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून रकमा काढल्या गेल्या. आणखी काही कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये! संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०१९ च्या अहवालात या कृत्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ साली ११ जणांस शिक्षा दिली. दारावरचे सापडले, आत शिरलेला मात्र त्या न्यायासनापुढे उभा राहिला नाही.

मग मोठा सुटला म्हणून धाकट्याचा दोष उणा होतो काय? ‘आम्ही केवळ नोटा काढल्या’ हा बचाव मला पटत नाही. दोष हा वाटून कमी होणारा पदार्थ नव्हे. ज्याचा त्याला तो पुरताच मिळतो. तसेच, राज्याला समन्स बजावता येत नाही, म्हणून ते निर्दोष ठरत नाही. शिक्षेचा अभाव म्हणजे निरपराधित्व नव्हे, एवढे तर कायद्याचा विद्यार्थीही जाणतो.

परंतु आरोप करतानाही धर्म सुटू नये. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. पुढे २०२१ साली राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताचा संशय बोलून दाखविला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. संशय हा पुरावा नव्हे. अदृश्य शत्रूच्या युगात हा विवेक अधिकच अवघड, आणि म्हणूनच अधिक आवश्यक आहे.

आणि पुरावा मिळालाच, तर आपणही त्यांच्या निजलेल्यांवर घाला घालावा काय? भागवतात द्रौपदी, पाचही पुत्र गमावल्यावर, बांधून आणलेल्या अश्वत्थाम्यास सोडावयास सांगते. आपल्याप्रमाणे त्याच्या आईस रडावे लागू नये, एवढीच तिची इच्छा. तिने अपराध नाकारला नाही. केवळ दुसऱ्या निरपराध आईवर त्याचा भार टाकला नाही. आपल्या बँका, वीजकेंद्रे यांवर जागता पहारा ठेवणे हे आपले कर्तव्यच होय. मात्र परक्या देशातील रुग्णालयाची वीज तोडणे हा पहारा नव्हे. ते करू लागलो, तर असीरगडावर आणखी एका भटक्याची भर पडेल, आणि तो आपल्यातलाच असेल.