अग्निशामकाचा कोट

२१ डिसेंबर २०१६ रोजी पहाटे गोंदिया शहरातील बिंदल प्लाझा या हॉटेलास आग लागली आणि सात जणांनी प्राण गमावले. अशा आगीत गाद्यांमधील फोम, प्लास्टिक, विजेच्या तारांवरील वेष्टण असे सारेच जळते. त्या धुरात हायड्रोजन सायनाइड असते, बेंझिन असते, काजळीला चिकटलेली कर्करोगकारक द्रव्ये असतात. आग विझते, काजळी मात्र अग्निशामकाच्या कोटावर आणि मानेवर तशीच राहते व त्याच्यासोबत घरी जाते.

काजळीचा हा दुर्गुण जुना आहे. १७७५ साली लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांना जडणाऱ्या कर्करोगाचा संबंध तिच्याशी जोडला होता. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशमनाचे कामच कर्करोगास कारणीभूत ठरविले.

परंतु दोष केवळ धुराचा नाही. पाणी व तेल झिरपू नये म्हणून आधुनिक कोटाच्या वरच्या कापडावर फ्लोरिनयुक्त रसायनांचा लेप देत आले आहेत. आतला पडदाही बहुधा टेफ्लॉनच्या जातीचा असतो. यांतील कित्येक रसायने निसर्गात जवळजवळ नष्ट होत नाहीत आणि कापड झिजते तशी ती सुटू लागतात. अमेरिकेतील वूस्टर शहरात एका अग्निशामकाला कर्करोग झाला, तेव्हा त्याच्या पत्नीने कोटाचीच चौकशी आरंभली. तिच्या पाठपुराव्यामुळे नोत्रदाम या कॅथलिक विद्यापीठातील ग्रॅहम पीसली यांनी असे कोट तपासले. त्यांतील फ्लोरिनचे मोठे प्रमाण २०२० साली जगापुढे आले.

मग ज्वाळांपासून वाचविणारे आणि आयुष्य पोखरणारे वस्त्र माणसाच्या अंगावर चढविणे नीतीला धरून आहे काय? संत थॉमस अक्विनास यांच्या विवेचनातून आपल्या नीतिशास्त्राला एक तत्त्व लाभले आहे: चांगल्या कृतीचा अनिष्ट परिणाम आधी दिसत असला, तरी तो हेतू नसेल आणि कारण तितकेच भारी असेल, तर ती कृती क्षम्य ठरते. जळत्या जिन्यावर कोट हवाच, यात वाद नाही. मात्र या तत्त्वाची एक अट आपण सोयीने विसरतो. जो अपाय टाळता येतो, तो टाळण्याची खटपट न करणाऱ्याला शुद्ध हेतूची ढाल मिळत नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०२४ मध्ये कायदा करून २०२७ पासून अशा कोटांच्या विक्रीस प्रतिबंध ठरविला, म्हणजे निदान काही अपाय टाळण्याजोगा आहे असे तेथील विधिमंडळाला वाटले.

शिवाय अग्निशामकाने संमती दिली ती आगीला. खुंटीवर टांगलेल्या कोटातील विषाला त्याने संमती कधी दिली? आणि तोच कोट मुलांच्या गणवेशासोबत एका बादलीत भिजविणाऱ्या गृहिणीला कोणी विचारले?

१४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात ६६ अग्निशामक मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी पुष्पचक्रे वाहिली जातात, भाषणे होतात. (काजळलेला कोट म्हणजे शौर्याची खूण, असेही कौतुकाने म्हटले जाते. मला ते कौतुक स्वस्त वाटते.) प्रत्येकाला बदली दुसरा कोट, ठाण्यातच धुण्याचे यंत्र, आग विझल्यावर जागेवरच कोटावर पाणी मारून तो वेगळ्या पिशवीत भरण्याची शिस्त, यांना मात्र पैसे लागतात, आणि ते नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात कुणीतरी मागावे लागतात. येत्या १४ एप्रिलला आपल्या गावच्या अग्निशमन ठाण्यात कुणी फुले घेऊन जाणार असेल, तर त्याने तेथील जवानांना एवढेच विचारावे: तुमचा कोट धुतो कोण, आणि कुठे?