बिनतिकिटाचं शहर

युरोप पाहून आलेल्या माणसाला सोलापुरात पहिला प्रश्न असतो तो खर्चाचा. "माणशी किती पडले?" काय पाहिलं, हे त्यानंतर. उत्तरही बहुधा तिकिटांच्याच क्रमानं येतं: आयफेल टॉवर, लूव्र, लंडन आय, स्वित्झर्लंडमधला बर्फाचा डोंगर. ज्याला तिकीट नव्हतं ते पाहिल्याच्या हिशोबात धरलंच जात नाही. यात सहल कंपन्यांना बोल लावण्यात फारसा अर्थ नाही. छापील कार्यक्रमात त्यांनी 'संध्याकाळी दोन तास नदीकाठी नुसतं बसणे' असं लिहिलं, तर याचे कसले पैसे घेता, असंच आपण विचारणार.

आता सोलापूरची मुलं जर्मनीत, आयर्लंडमध्ये शिकायला, नोकरीला जातात आणि आईवडिलांना बोलावतात. त्यामुळे कमी पैशांत युरोपातली राजधानी कशी पाहावी, हा प्रश्न श्रीमंतांपुरता राहिलेला नाही. उत्तर सोपं वाटतं, पण आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. तिथल्या फुकट गोष्टी सुरू होतात त्या बऱ्याच पैशांनंतर. जून 2024 पासून शेंगेन व्हिसाची फी 90 युरो आहे आणि अर्ज नाकारला गेला तरी ती परत मिळत नाही. लंडनचा व्हिसा वेगळा. विमानाचं भाडं वेगळं. एवढं भरून उतरल्यावर मात्र खरोखरच बरंच काही बिनपैशाचं असतं. लक्झेंबर्ग या छोट्या देशात 2020 पासून बस, ट्राम आणि दुसऱ्या वर्गाची रेल्वे सगळ्यांना मोफत आहे, पाहुण्यांनाही. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ अखंड वाहत असतात. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न यांच्या कायम संग्रहांना तिकीट नाही. सोलापूरकराला तर जेवणाचीही अर्धी सोय घरूनच नेता येते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी ही जोडी प्रवासासाठीच जन्मली असावी.

पण पैसे वाचणं हा या फुकटपणाचा सगळ्यात लहान फायदा. तिकीट काढलं की पैसे वसूल करावेसे वाटतात. लूव्रनं जानेवारी 2026 पासून युरोपबाहेरच्या पाहुण्यांचं तिकीट 22 वरून 32 युरो केलं. (आपण रागावण्याचं कारण नाही. ताजमहालात भारतीयाला 50 रुपये आणि परदेशी माणसाला 1100, हा धडा आपण कधीच घालून दिलेला आहे.) एवढे पैसे मोजलेला माणूस मोनालिसापुढच्या गर्दीत घुसतो, हात उंच करून फोटो काढतो आणि पुढच्या दालनाकडे पळतो. ब्रिटिश म्युझियममध्ये मात्र एकच दालन पाहून बाहेर पडता येतं. उद्या परत येता येतं. अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं तिथं आहेत. त्यांच्यासमोर तासभर थांबलं तरी काही बुडाल्यासारखं वाटत नाही. आपल्याच आंध्रातली शिल्पं बघायला आपण व्हिसा काढून जायचं आणि ती फुकट दाखवल्याबद्दल यजमानांचे आभार मानायचे, हा विनोद तेवढा पचवावा लागतो.

फुकट असणं आणि खुलं असणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. ब्रिटिश म्युझियम 1759 मध्ये उघडलं तेव्हाही पैसे पडत नव्हते, पण आधी लेखी अर्ज करावा लागे आणि मंजुरीची वाट पाहावी लागे. म्हणजे दार उघडं होतं ते अर्ज करण्याची रीत माहीत असणाऱ्यांना आणि ऐपत असणाऱ्यांना. पुढं 1980 च्या दशकात लंडनमधल्या काही राष्ट्रीय संग्रहालयांनी तिकिटं लावली. ती डिसेंबर 2001 मध्ये सरकारनं पुन्हा उठवली आणि पाहणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. तेव्हाही खर्च नाहीसा झाला नव्हता. तो दाराशी न घेता सगळ्यांच्या करातून द्यायचं ठरलं, एवढंच.

खुलेपणाची खरी किंमत ज्याच्या खिशात काही नाही त्यालाच कळते. 1920 मध्ये बाबासाहेब आंबेडकर अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला लंडनला परतले. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले थोडे पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज ही शिदोरी होती. अपुरं जेवण आणि दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय, असे त्यांनी ते दिवस काढले. 1923 मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. तो प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. किंग हेन्रीज रोडवरचं त्यांचं राहतं घर महाराष्ट्र सरकारनं 2015 मध्ये विकत घेतलं. आपले पर्यटक तिथं जातात आणि जावंच. पण त्या शहरानं त्यांना दिलेली मोठी गोष्ट म्हणजे वाचनालयातली एक खुर्ची. तिच्यावर बसायला भाडं लागत नव्हतं आणि शेजारी बसलेला माणूस जात विचारत नव्हता. ज्या देशाचं साम्राज्य आपल्यावर राज्य करत होतं, त्याच्याच राजधानीत हे मिळावं आणि स्वतःच्या देशात पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागावा, हा विरोधाभास लंडनचं कौतुक करताना विसरू नये. आपली बाजू सावरतानाही विसरू नये.

पाण्याचा विषय निघालाच आहे. 1870-71 च्या वेढ्यानंतर पॅरिसमध्ये चांगलं पाणी दुर्मीळ आणि महाग झालं होतं. रिचर्ड वॉलेस नावाच्या धनिक इंग्रजानं 1872 मध्ये स्वखर्चानं रस्त्यांवर हिरव्या रंगाचे ओतीव लोखंडी पाणवठे बसवले. ते अजून चालू आहेत. त्याचाच चित्रसंग्रह पत्नीनं राष्ट्राला दिला आणि तो 1900 पासून लंडनमध्ये लोकांसाठी खुला आहे, तोही विनामूल्य. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणपोई घालणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. सोलापूरचा तर पायाच या वृत्तीवर उभा आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून तलाव खोदवला. कायकाला, म्हणजे श्रमाला, पूजेइतकं मोल देणाऱ्या शरणांच्या परंपरेतलं ते काम होतं. त्याच तळ्यातलं मंदिर आज बिनतिकिटाचं आहे. त्याच शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हेही आजचंच.

सिद्धरामेश्वरांनी पंचक्रोशीत 68 लिंगं स्थापली. त्यांच्या नावानं भरणाऱ्या गड्डा यात्रेच्या पहिल्या दिवशी, यण्णीमज्जनाला, उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यापासून सात नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी ते उंच, जड ध्वज पेलत या सगळ्या लिंगांना तेलाचा अभिषेक घालून येतात. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरलेल्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागतो. मला यातली पहिल्या दिवसाची फेरी विशेष वाटते. युरोपच्या राजधान्यांत हल्ली बिनपैशाच्या पायी फेऱ्या निघतात. वाटाड्या जुन्या वस्तीतून फिरवतो आणि शेवटी खुशीनं द्याल ते घेतो. आपल्याकडे अख्ख्या शहराच्या सीमा वर्षातून एकदा पायांनी मोजण्याची चाल शतकानुशतकं आहे. तिच्या मागं चालायला कुणी अडवत नाही.

बाकीच्या दिवशी मात्र हे शहर पायी माणसाला फार काही सांगत नाही. भुईकोट किल्ल्याला माफक तिकीट आहे, त्याची तक्रार नाही. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून रोज हजारो लोक जातात. हे पुतळे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांचे. त्यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. प्रकरण 1930 च्या मेमधलं, इथं मार्शल लॉ लागला होता तेव्हाचं. पण जरा थांबा, हे ऐका, असं म्हणून तिथं कुणी थांबवत नाही. पूर्व भागातल्या गल्ल्यांत मागांचा खडखडाट अजून ऐकू येतो, पूर्वीपेक्षा कमी. तेलुगू पाट्या वाचत, चादरीची वीण बघत हिंडायला काही लागत नाही, पण पाहुण्याला तिकडे नेण्याचं आपल्या मनात येत नाही. आपण त्याला दुकानात नेतो. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर, शके 940 मधला, म्हणजे इसवी सन 1018 चा शिलालेख आहे. आजवर सापडलेल्या सगळ्यात जुन्या मराठी लेखांत त्याची गणना होते. लंडनमध्ये असता तर काचेआड असता आणि आपण रांगेत असतो.

लंडनकडून उचलण्यासारखी गोष्ट संग्रहालयाची भव्य इमारत नाही. 1992 पासून तिथं वर्षातून एकदा 'ओपन हाऊस' भरतं आणि एरवी बंद असणाऱ्या इमारतींची दारं लोकांसाठी फुकट उघडतात. सोलापुरात अप्पासाहेब वारदांचं इंद्रभुवन आहे. कोरीव दगडी काम आणि सज्जे असलेला असा वाडा महाराष्ट्रात फार ठिकाणी सापडणार नाही. तो आज महापालिकेचा आहे. कामाचा कागद घेऊन आलेला नागरिक तिथं जातो, पण मान वर करून छत बघत नाही. बघू लागला तर शिपाई विचारणार, काय काम आहे?

वर्षातला एक रविवार इंद्रभुवन सगळ्यांसाठी उघडावं. काम काय, असं कुणी विचारू नये. बसायला चार बाकं ठेवावीत, प्यायचं पाणी ठेवावं आणि वाड्याची गोष्ट सांगणारा एक जाणकार उभा करावा. 12 जानेवारीच्या आसपासचा रविवार त्याला योग्य, कारण हुतात्म्यांचं स्मरण आणि यात्रेची गर्दी, दोन्ही तेव्हाच असतात. इमारत महापालिकेचीच असल्यामुळे परवानगीसाठी दुसऱ्या कुणाच्या दारात जावं लागणार नाही.