गाडी कोणाच्या मापाची?

घरात चारचाकी यावी की न यावी, हा प्रश्न आमच्या वसईत आता फारसा उरलेला नाही. १९८३ साली मारुती ८०० बाजारात आली, त्या सुमारास गावात एखाद्या डॉक्टरांच्या किंवा मोठ्या बागायतदाराच्या अंगणात गाडी दिसे. आज ती वाडीवाडीत उभी असते. प्रश्न उरला आहे तो कोणती घ्यावी, एवढाच. वरवर पाहता हा प्रश्न विक्रेत्याला आणि बँकेला विचारावयाचा. मला मात्र तो नीतिशास्त्राचा वाटतो. 'सोयीची' आणि 'योग्य' ही विशेषणे आपण गाडीला सहज लावतो. परंतु कोणाच्या सोयीची आणि कशासाठी योग्य, हे विचारावयाचे राहून जाते.

एखाद्या सामान्य कुटुंबाचा आठवडा डोळ्यांपुढे आणावा. मुलांना शाळेत सोडणे, नोकरदार माणसाला वसई रोड स्थानकावर पोहोचविणे, आजीला दवाखान्यात नेणे, बाजारहाट, रविवारची मिस्सा. यातील बहुतेक फेऱ्या दोन ते पाच किलोमीटरांच्या. अशा आखूड फेरीचे स्वतःचे एक शास्त्र आहे. थंड इंजिनाला सुरुवातीला अधिक इंधन लागते आणि धुरातील विषारी वायू निरुपद्रवी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याखेरीज नीट काम करीत नाही. ते पुरते तापते न तापते तोच स्थानक येते! डिझेलचा प्रश्न आणखी बिकट. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी आली. ती स्वच्छ होण्यासाठी धूर बराच वेळ चांगला तापावा लागतो. नुसती शाळा आणि बाजार करणाऱ्या गाडीत ती तुंबते. 'डिझेल स्वस्त पडते' हा हिशेब महामार्गावरील माणसाचा आहे. आपण तो उसना घेतो. अर्धा किलोमीटर अंतर चालतच जावे, हेही यातून निघते. पण ते सांगून मी धर्मग्रामात लोकप्रिय होणार नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी दानधर्माची चर्चा करताना 'गरज' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले. जिच्यावाचून माणूस जगूच शकत नाही, ती पहिली गरज. आपल्या स्थितीला आणि जबाबदाऱ्यांना साजेसे जगण्यासाठी जे लागते, ती दुसरी. गाडी या दुसऱ्या प्रकारात मोडते. थॉमस यांचे पुढील निरीक्षण फार मार्मिक आहे: या दुसऱ्या गरजेची मर्यादा एका बिंदूवर ठरलेली नसते. तिच्यात बरीच भर घातली तरी ती अतिरेक ठरत नाही आणि बरेच वजा केले तरी माणसाचे साजेसे जीवन अडत नाही. साऱ्या अडचणीचे मूळ या लवचीकपणातच आहे. माप लवचीक असले की ते कोणाच्या हाती आहे, यावर सारे अवलंबून राहते. बहुतेक वेळा ते शेजाऱ्याच्या डोळ्यांच्या हाती असते.

पण सगळेच दिखाव्यासाठी होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आखातात नोकरी करणाऱ्या एका मुलाने आईवडिलांसाठी उंच, ऐसपैस गाडी घेतली. आईने आयुष्यभर डोक्यावरून भाजी वाहिली. तिने आता राणीसारखे फिरावे, ही त्याची इच्छा. त्या कृतज्ञतेत काहीही खोटे नव्हते. काही महिन्यांनी ती माउली मला म्हणाली, "फादर, लेकाने मायेने घेतली हो, पण चढायला पाट लागतो." खरोखरच त्या गाडीच्या डिकीत एक लाकडी पाट ठेवलेला होता. प्रत्येक थांब्यावर तो काढायचा, तिने त्यावर पाय ठेवायचा, आणि मग तो पुन्हा आत. हळूहळू तिने दवाखान्याखेरीज बाहेर पडणेच कमी केले. मुलाचे प्रेम मोठे होते. मात्र त्याने मनात धरलेली आई तीस वर्षांपूर्वीची होती. दुखऱ्या गुडघ्यांना फार खाली बसणे जमत नाही आणि फार वर चढणेही जमत नाही. आसन साधारण खुर्चीच्या उंचीचे हवे. १९९९ साली आपल्याकडे आलेली वॅगन आर दिसायला खोक्यासारखी म्हणून तिची थट्टा झाली. पण उंच छताची ती गाडी म्हाताऱ्या माणसांना मानवली, कारण तिच्यात वाकावेही लागत नाही आणि चढावेही लागत नाही.

दुसरा विचार गाडीबाहेरच्या माणसाचा. आजची वॅगन आर १,६२० मिलिमीटर रुंद आहे, तर चार मीटर लांबीच्या आत बसणारी ब्रेझा १,७९०. फरक १७ सेंटिमीटरांचा. महामार्गावर तो जाणवणारही नाही. पण आपल्या गल्ल्या बैलगाडीच्या काळातील. एका बाजूला दगडी कुंपण, दुसऱ्या बाजूला गटार. तेथे एवढ्या जागेत सायकलवरचे पोर अंग चोरून उभे राहते. 'मोठी गाडी सुरक्षित' असे म्हणताना आपण आत बसलेल्यांचीच सुरक्षितता मोजतो. आतील माणसांची काळजी रास्तच आहे. २०२३ पासून भारत एनकॅपच्या चाचण्यांतून गाड्यांना तारे मिळू लागले आहेत, ते अवश्य पाहावेत. परंतु उंच बोनेटची जड गाडी पायी चालणाऱ्याला अधिक इजा करते, हे त्या पोराच्या आईनेही विचारात घ्यावे. तिचीही गाडी कदाचित तशीच असेल.

"फादर, लग्नाला आठ माणसे न्यायची झाली तर?" असे कोणी विचारील. तर भाड्याची गाडी घ्यावी. वर्षातल्या चार दिवसांसाठी तीनशे साठ दिवस रिकाम्या आसनांचे ओझे वाहणे, हा हिशेब कोणताही शेतकरी करणार नाही. २०१३ च्या जुलैमध्ये पोप फ्रान्सिस यांनी भावी धर्मगुरू व धर्मभगिनींना सांगितले होते, की कामासाठी गाडी लागते, पण ती साधी निवडावी. ते शब्द प्रथम आम्हा धर्मगुरूंना लागू आहेत, त्यामुळे त्यांचा आधार घेऊन मी इतरांना फार उपदेश करणार नाही.

आखूड फेऱ्यांना विजेची छोटी गाडी खरोखर शोभते. तिला इंजिन तापण्याची वाट पाहावी लागत नाही आणि गर्दीत वारंवार थांबताना तिच्या बॅटरीत थोडी वीज परतही येते. ज्यांना अंगण आहे त्यांना रात्री घरीच ती भारित करता येते. इमारतीत राहणाऱ्यांनी आधी सोसायटीशी बोलून घ्यावे. शिवाय २०१८ च्या जुलैत वसईत रस्त्यारस्त्यांवर पाणी साचले होते, याची आठवण ठेवून जमिनीपासूनची उंची आणि पाण्याबाबतच्या हमीच्या अटी वाचाव्यात.

आणि शोरूममध्ये जाताना आजीला बरोबर न्यावे. रविवारी मिस्सेला नेसते तेच लुगडे नेसवून, तिला तीनदा गाडीत बसायला आणि तीनदा उतरायला सांगावे. विक्रेता तोपर्यंत छतातली काच उघडून दाखवीत असेल. त्याला थोडे थांबावे लागेल.